पॉलिशिंग मशीन आणि पॅड कसं निवडायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीचा रंग चकाकवायचं मशीन, म्हणजे पॉलिशर, घ्यायला निघालेला माणूस आधी मशीनचं मॉडेल विचारतो, मग कंपाउंड (रंग घासायची बारीक कणांची पेस्ट) विचारतो, आणि पॅड्सचं काय म्हटलं की "ती मशीनबरोबर येतातच ना" म्हणतो. खरं तर रंगाला टेकतं ते पॅड. मशीन त्याला नुसतं हलवत असतं. खालची उत्तरं वाचताना तेवढं लक्षात ठेवा, म्हणजे पॅडचा विषय सारखा का निघतो ते कळेल.

हे काम हाताने होत नाही का?

वॅक्स लावणं, सीलंट लावणं, दाराच्या हँडलमागे पडलेले नखांचे ओरखडे थोडे कमी करणं, एवढं हाताने होतं. अख्ख्या बॉनेटवरचे स्वर्ल (उजेडात जाळ्यासारखे दिसणारे बारीक गोलाकार ओरखडे) काढायला बसलात तर खांदा भरून येतो आणि दाबही सगळीकडे सारखा पडत नाही. मग एक पट्टा चकाकतो आणि शेजारचा तसाच राहतो. स्वर्ल काढायचे म्हणजे ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, त्याच्या तळापर्यंत घासून सपाट करायचा. त्याला मिनिटाला हजारो हालचाली लागतात, आणि त्या एकसारख्या लागतात.

रोटरी, डीए आणि फोर्स्ड रोटेशन यांत नेमका फरक काय?

रोटरीत पॅड एकाच केंद्राभोवती गोल फिरतं, साधारण 600 ते 3000 आरपीएमने. मोटरची ताकद गिअरमधून थेट पॅडला मिळते, त्यामुळे दाब दिला तरी ते थांबत नाही. कापतं भरपूर आणि तापवतंही भरपूर. हात जरा तिरका झाला की सगळा भार पॅडच्या एका कडेवर येतो, आणि नवशिक्याच्या हातून रंग जळतो तो बहुतेक वेळा असाच.

डीए म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन. यात बॅकिंग प्लेट, म्हणजे पॅड जिला चिकटतं ती चकती, मध्यापासून थोडी बाजूला बसवलेली असते, म्हणून पॅड छोट्या वर्तुळात घुमतं आणि त्याच वेळी स्वतःभोवती सावकाश फिरतं. हे घुमणं मोटर करून घेते. स्वतःभोवतीची फिरकी मात्र मोटरने बांधलेली नसते, ती बेअरिंगवर मोकळी सोडलेली असते. दाब वाढला किंवा कड टेकली की ती फिरकी बंद पडते आणि पॅड नुसतं थरथरत राहतं. काम तिथे थांबतं, पण रंगही वाचतो.

फोर्स्ड रोटेशनमध्ये घुमणं आणि फिरणं, दोन्ही गिअरने बांधलेलं असतं. फ्लेक्स कंपनीचं एक्ससी 3401 हे यातलं सगळ्यांना माहीत असलेलं मशीन, 8 मिलिमीटर थ्रोचं (थ्रो म्हणजे घुमण्याच्या वर्तुळाचा व्यास). दाबलं तरी फिरकी थांबत नाही, त्यामुळे वळणदार पॅनेलवरही कापणं चालू राहतं. बदल्यात उष्णता डीएपेक्षा जास्त होते आणि मशीन हाताला एका बाजूला ओढतं. ही ओढ काहींना आवडते, काहींना अजिबात सहन होत नाही. घेण्याआधी एकदा चालवून बघावं असं हे मशीन आहे.

पहिलंच मशीन घेतोय. कोणतं घेऊ?

15 मिलिमीटर थ्रोचं डीए, 125 मिलिमीटरच्या म्हणजे पाच इंची बॅकिंग प्लेटचं. यावर फार काथ्याकूट करू नका. बॉनेट, छप्पर, दारं, डिकी सगळीकडे चालतं, कटिंगही (ओरखडे घासून काढणं) होतं आणि फिनिशिंगही (शेवटची चमक आणणं). रोटरी शिकायचीच असेल तर भंगारातून एखादं जुनं बॉनेट आणा आणि त्यावर हात बसवा. स्वतःची किंवा गिऱ्हाइकाची गाडी त्यासाठी वापरू नका.

बजेट तोकडं असेल तर मशीन एक पायरी खालचं घ्या आणि वाचलेले पैसे पॅड्समध्ये घाला. महागडं मशीन आणि जोडीला दोनच पॅड्स, यापेक्षा मध्यम मशीन आणि आठ-दहा चांगली पॅड्स यांतून काम निश्चित चांगलं निघतं.

थ्रो म्हणजे काय? 8, 15 आणि 21 यांत काय बघायचं?

पॅड ज्या छोट्या वर्तुळात घुमतं त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे थ्रो. पोर्टर केबलचं 7424 एक्सपी हे जुनं, भरवशाचं मशीन 8 मिलिमीटरचं. रुपेस या इटालियन कंपनीने मोठ्या थ्रोची मशीन्स लोकप्रिय केली. त्यांच्या एलएचआर 15 ला 15 मिलिमीटर थ्रो आणि 125 मिलिमीटरची प्लेट, तर एलएचआर 21 ला 21 मिलिमीटर थ्रो आणि 150 मिलिमीटरची प्लेट असते.

थ्रो वाढला की प्रत्येक फेरीत पॅड जास्त अंतर घासतं, एका दमात जास्त जागा होते आणि सपाट पॅनेलवर कामाचा वेग वाढतो. छप्पर आणि बॉनेट यांवर 21 चा हात सुरेख चालतो. पण चाकावरच्या फेंडरची फुगीर कड, दाराच्या मधोमध गेलेली धारदार रेघ किंवा बंपरचा कोपरा आला की तेच मशीन अडखळतं, कारण पॅडचा अर्धाच भाग टेकलेला असतो आणि फिरकी मरते. अशा जागी 8 किंवा 12 मिलिमीटरचं मशीन निमूटपणे काम करत राहतं.

मोठ्या एसयूव्ही आणि व्हॅन हेच रोजचं काम असेल तरच 21 ला पहिल्या मशीनचा मान द्या.

वॅट किती हवेत? डब्यावर सगळ्यात मोठा आकडा लिहिलेलं घेऊ का?

वॅट म्हणजे मशीन किती वीज ओढतं त्याचा आकडा. पॅडपर्यंत किती ताकद पोचते ते त्यावरून कळत नाही. त्यापेक्षा भार आल्यावर वेग टिकवणारं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आहे का ते विचारा. ते नसलं की हवेत मशीन गुणगुणतं आणि रंगावर टेकवताच आवाज खाली बसतो. बटण दाबल्यावर मशीन हळूहळू वेग घेतं का, हेही पाहा. नाहीतर पहिल्याच झटक्यात कंपाउंडचे शिंतोडे काचेवर, वायपरवर आणि तुमच्या शर्टावर असतात.

आणखी एक गोष्ट दुकानातच कळते. मशीन दोन्ही हातांत धरा आणि छातीच्या उंचीवर उभ्या पॅनेलला टेकवल्यासारखं मिनिटभर धरून ठेवा. छप्पर आणि बॉनेटवर मशीनचं वजन तुमच्या कामी येतं, दारांवर ते तुम्हालाच पेलावं लागतं. गाडीचा मोठा भाग उभा असतो हे घेताना सुचत नाही.

घरी अँगल ग्राइंडर आहे. त्यालाच बफ लावला तर?

नको. चार इंची ग्राइंडर दहा हजार आरपीएमच्या वर फिरतो आणि पॉलिशिंगला त्याच्या पाव वेगाचीही गरज नसते. रंग जळतो, पॅड उचकटून उडतं आणि ते तोंडावरही येऊ शकतं. ड्रिलला लावायचे छोटे बफ हेडलाइटपुरते ठीक आहेत. पॅनेलवर त्यांच्या खाणाखुणा राहतात.

बॅकिंग प्लेट म्हणजे काय, आणि तिच्यात एवढं बघण्यासारखं काय आहे?

मशीन आणि पॅड यांच्यामधली वेल्क्रोची चकती म्हणजे बॅकिंग प्लेट. पॅड तिच्यापेक्षा थोडं मोठं हवं, सगळ्या बाजूंनी निदान पाच-सहा मिलिमीटर बाहेर आलेलं. पाच इंची प्लेटला साडेपाच इंची पॅड ही नेहमीची जोडी. पॅड आणि प्लेट एकाच मापाची असली की जरा तिरका हात झाला तरी प्लेटची कडक कड रंगाला लागते, आणि मग जो ओरखडा पडतो तो कुठल्याही कंपाउंडने निघत नाही. पॅड फार मोठं झालं तर कडेला दाब पोचत नाही, ती नुसती फडफडते.

बदलती प्लेट घेताना आटे तपासा. बहुतेक रोटरींना एम14 चे आटे असतात, अमेरिकन मशीन्सना 5/8 इंची. डीएमध्ये 5/16 इंच आणि एम8 असे दोन प्रकार सर्रास भेटतात आणि खरी गंमत इथे आहे: दोन्हींची जाडी जवळपास सारखी, पण आट्यांमधलं अंतर वेगळं. चुकीची प्लेट एक-दोन वेढे आत जाते आणि अडकते. पान्याने पुढे रेटलीत तर स्पिंडलचे (प्लेट बसते त्या दांड्याचे) आटेच खराब होतात. दोन वेढ्यांनंतर जोर लागला तर उलटी फिरवून बाहेर काढा.

फोम, मायक्रोफायबर, वूल: कोणतं पॅड कशासाठी?

फोम सगळ्यात समजूतदार. कडक फोम कापतं, मध्यम फोम पॉलिश करतं, मऊ फोम शेवटची चमक आणतं. एकाच मशीनवर पॅड बदलत सगळं काम उरकता येतं. फोमची अडचण उष्णतेची. आतली हवा उष्णता धरून ठेवते, आणि डीएवर सलग दाबून काम केलं की पॅडचा मधला भाग आधी मऊ पडतो, मग वेल्क्रोपासून सुटू लागतो. मधोमध भोक असलेली पॅड्स मिळतात ती याचसाठी. जिथे फिरकी जवळजवळ नसते आणि उष्णता साचते तो भागच काढून टाकलेला असतो.

मायक्रोफायबर पॅड म्हणजे पातळ फोमच्या थरावर मायक्रोफायबरचे बारीक धागे. डीएवर याचं कटिंग फोमपेक्षा जोरदार, कारण प्रत्येक धागा कंपाउंडचे कण धरून रंगावरून ओढत नेतो. पाण्याचे डाग, जुने स्वर्ल, 2000 ग्रिटच्या पॉलिशपेपरच्या खुणा अशा कामाला हे घ्यावं. मात्र मागे बारीक धूसरपणा राहतो, म्हणून नंतर फोमची एक पायरी गृहीत धरायची. शिवाय धागे पटकन बसतात. दर पॅनेलनंतर ब्रशने किंवा हवेने उभे केले नाहीत तर दुसऱ्या दारापर्यंत कटिंग निम्म्यावर येतं.

वूल सगळ्यात जास्त कापतं, आणि ऐकायला नवल वाटेल, पण कडक फोमपेक्षा थंड चालतं, कारण लोकरीच्या धाग्यांमधून हवा खेळत राहते. पूर्वी ते रोटरीचंच मानलं जाई. आता डीएसाठी आखूड धाग्याची वूल पॅड्स मिळतात आणि ती चांगली आहेत. मात्र लोकरीचा भुगा सगळीकडे उडतो. नाकाला मास्क लावा आणि काचांच्या रबरी पट्ट्यांवर टेप मारा.

पिवळं पॅड कटिंगचं की फिनिशिंगचं?

कोणाचं पिवळं, त्यावर अवलंबून. लेक कंट्रीच्या नेहमीच्या फोम मालिकेत पिवळं कापायचं असतं, नारिंगी त्याहून सौम्य, पांढरं पॉलिशिंगचं आणि काळं फिनिशिंगचं. रुपेसकडे निळं सगळ्यात जाडं, मग हिरवं, मग पिवळं बारीक कामाचं आणि पांढरं सगळ्यात मऊ. एकाचं पिवळं जे काम करतं त्याच्या बरोबर उलट टोकाला दुसऱ्याचं पिवळं. रंगांचा कुठलाही समान नियम नाही.

म्हणून दोन कंपन्यांची पॅड्स एका पिशवीत ठेवत असाल तर मागच्या वेल्क्रोवर मार्करने "कट", "पॉलिश", "फिनिश" लिहा. फोम दाबून कडकपणाचा अंदाज घ्यायचा म्हटलं तर तो अर्धवटच मिळतो. दाबायला कडक पण बारीक छिद्रांचं पॅड सौम्य काम करू शकतं आणि हाताला मऊ लागणारं मोठ्या छिद्रांचं पॅड चांगलंच कापू शकतं.

पॅड मोठं घ्यावं की लहान? जाड की पातळ?

डीएवर लहान पॅड जास्त कापतं. तोच दाब कमी जागेवर पडतो आणि मशीनला ते फिरवायला सोपं जातं. साडेसहा इंची पॅड मैदानासारख्या छपरावर शोभतं, पण 8 मिलिमीटरच्या मशीनवर चढवलंत तर त्याला फिरवतानाच मशीनचा दम निघतो.

जाड फोम वळणावर छान बसतो, पण मशीनची हालचाल स्वतःच गिळतो: वर प्लेट घुमते आणि खाली रंगाला टेकलेला भाग निम्माच हलतो. लांब थ्रोच्या मशीनला पातळ पॅड द्या. जाता जाता आणखी एक: डीएमध्ये आतलं वजन ठरावीक मापाच्या आणि वजनाच्या पॅडसाठी तोललेलं असतं. भलतंच जड पॅड लावलं की थरथर वाढते, आणि अर्ध्या तासात बोटांना मुंग्या येतात. मुंग्या आल्या तर काम थांबवा. ही थरथर वर्षानुवर्षं सोसली की हातांचं कायमचं नुकसान होतं.

एका गाडीला किती पॅड्स लागतात?

मध्यम आकाराच्या गाडीला दोन पायऱ्यांचं काम करायचं असेल तर कटिंगची चार ते सहा, पॉलिशिंगची तीन-चार आणि फिनिशिंगची दोन. ऐकणाऱ्याला हा आकडा फुगवलेला वाटतो. पण घासलेला क्लिअर कोट, वापरून झालेलं कंपाउंड आणि ओल हे सगळं पॅडमध्येच साठतं. भिजून जड झालेलं पॅड कापत नाही, तापतं मात्र लवकर. दोन-तीन पॅनेल झाली की पॅड बाजूला ठेवायचं, गार होऊ द्यायचं, पुढचं घ्यायचं. एकच पॅड शेवटपर्यंत रेटणाऱ्याच्या गाडीचं बॉनेट झकास दिसतं आणि डिकीवर स्वर्ल तसेच असतात, ते यामुळेच.

कंपाउंड आणि पॅडची जोडी कशी ठरवायची?

टेस्ट स्पॉट करून, म्हणजे आधी छोट्या तुकड्यावर करून बघून. दुसरा मार्ग नाही, आणि कोणी गाडीचं नाव ऐकून फोनवर जोडी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. "जर्मन रंग कडक, जपानी रंग मऊ" हा ठोकताळा सगळीकडे ऐकू येतो. त्यात तथ्य आहे, पण एकाच कंपनीच्या दोन मॉडेल्सचा रंग वेगळा वागतो आणि पुन्हा रंगवलेलं एखादं दार तर बाकीच्या गाडीशी अजिबात जुळत नाही.

गाडी धुतलेली, लोहकण काढलेली आणि क्ले (रंगात रुतलेली घाण उचलणारी मऊ माती) फिरवलेली हवी. हे न करता पॉलिशिंगला हात घातला तर रंगात रुतलेले कण पॅडमध्ये येतात आणि तेच पुढच्या पॅनेलवर रेघा ओढतात. बॉनेटवर साधारण 50 बाय 50 सेंटिमीटरचा चौकोन टेपने आखा. सौम्य जोडीपासून सुरुवात करा: मध्यम फोम आणि बारीक पॉलिश (कंपाउंडपेक्षा सौम्य पेस्ट). नव्या पॅडच्या तोंडाला आधी पॉलिशचा पातळ हात द्या, मग वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. मशीन बंद असतानाच पॅड चौकोनात चार-पाच ठिकाणी टेकवा, मग सगळ्यात कमी वेगावर पसरवा आणि मगच वेगाचा डायल चार-पाचवर न्या.

आता हाताचा वेग. बहुतेकांचा हात फार पळतो. सेकंदाला तीन-चार सेंटिमीटर, एवढंच. मशीन आडवं न्या, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा येऊ द्या, मग तोच चौकोन उभ्या दिशेने. असं आडवं-उभं मिळून चार ते सहा वेळा. दाब म्हणाल तर मशीनचं वजन आणि वर हाताचा थोडा भार.

मग पुसा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पातळ मिश्रणाने पुन्हा पुसा. ही पायरी गाळू नका. पॉलिशमधलं तेल ओरखड्यात बसून त्याला लपवतं. अल्कोहोलने ते निघालं की खरं चित्र दिसतं. टॉर्च थेट वरून न मारता तिरकी धरा आणि स्वतः थोडं हलून बघा. स्वर्ल उरले असतील तर आधी पॅड एक पायरी कडक करा, कंपाउंड तेच ठेवा. तरीही उरले तर कंपाउंड बदला. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर कशाने फरक पडला ते कळतं.

कंपाउंड जास्त घातलं तर काम लवकर होईल का?

उलट. जास्त कंपाउंडवर पॅड घसरतं, कण रंगात रुतत नाहीत, आणि वाळलेली पूड दाराच्या फटींमधून काढत बसावं लागतं.

मध्येच पॅड फिरायचं थांबतं. मशीन बिघडलं का?

बहुधा नाही. बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ ओढा. मशीन चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. जागच्या जागी थरथरताना दिसली तर फिरकी मेलेली आहे आणि तुम्ही नुसता वेळ घालवताय. कारणं ठरलेली: मशीन तिरकं धरलंय, दाब जास्त आहे, पॅड ओलं होऊन जड झालंय, किंवा वेग फार खाली आहे. आधी मशीन सपाट धरा. दहातल्या आठ वेळा तेवढ्यानेच भागतं.

सपाट पॅनेलवर, नव्या पॅडने, हलक्या हातानेही फिरत नसेल तर मात्र बेअरिंग तपासून घ्या.

क्लिअर कोट किती जाड असतो? एका पॉलिशिंगमध्ये किती जातो?

कारखान्यातून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत रंगाचे सगळे थर मिळून साधारण 90 ते 150 मायक्रॉन भरतात. त्यात वरचा क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉन. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे तुम्ही ज्यावर काम करताय तो थर केसापेक्षाही पातळ आहे. डीएने केलेल्या कटिंगच्या एका पायरीत साधारण एक ते तीन मायक्रॉन जातात. रोटरी आणि वूलने त्याहून जास्त. सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालचा रंग वाचवणारे घटकही याच थरात असतात. तो फार पातळ झाला की त्या दिवशी काही दिसत नाही, पण काही वर्षांनी छपरावर पांढुरके पापुद्रे सुटू लागतात.

म्हणून दर सहा महिन्यांनी कटिंग करून घेणाऱ्यांना आवरावं. नखाला लागणारा ओरखडा असेल तर तो पूर्ण काढायच्या मागे लागू नये. त्याच्या कडा गुळगुळीत केल्या की उजेडात तो टोचत नाही, आणि तेवढं पुरतं.

रंगाची जाडी मोजणारा गेज लोखंडी पत्र्यावर चुंबकीय पद्धतीने आणि अ‍ॅल्युमिनियमवर एडी करंटने मोजतो. प्लास्टिकच्या बंपरवर ही साधी गेज चालत नाहीत. आकडा एकूण थरांचा येतो, क्लिअर कोटचा वेगळा येत नाही. शेजारच्या पॅनेलपेक्षा आकडा खूप जास्त असेल तर ते पॅनेल पुन्हा रंगवलेलं आहे, कदाचित खाली पुट्टीही आहे. खूप कमी असेल तर कोणीतरी आधीच भरपूर घासलंय. तिथे फक्त फिनिशिंग पॅड.

काळ्या गाडीवर पॉलिश केल्यावर धूसर दिसतं. काय चुकतंय?

स्वर्ल गेले, पण त्यांच्या जागी पॅडच्या बारीक खुणा आल्या. मऊ रंगावर आणि मायक्रोफायबर पॅडनंतर हे होतंच, काळ्यावर फक्त दिसतं. मऊ फोम, बारीक पॉलिश, डायल तीनच्या आसपास, दाब जवळजवळ नाही, असा एक हात द्या. तरीही धूसर राहिलं तर पॅड स्वच्छ आहे का बघा. आधी कटिंगला वापरलेलं पॅड धुऊन फिनिशिंगला घेऊ नये, त्यात जाडे कण राहतातच.

सर्व्हिस करून आणल्यावर उन्हात पट्टे दिसतात. हे काय आहे?

होलोग्राम. रोटरीवर वूल किंवा कडक पॅड वापरून पुढची पायरी न केल्याची खूण. सावलीत गाडी आरशासारखी दिसते, उन्हात नेली की मशीन ज्या वाटेने गेलं ती वाट दिसते. मध्यम फोम लावलेल्या डीएने ते सहसा निघतात.

कडा, बंपर आणि अरुंद जागांचं काय करायचं?

कडेवर आणि पॅनेलच्या धारदार रेघेवर रंगाचा थर पातळ असतो आणि पॅडचा दाब तिथेच एकवटतो. कटिंगच्या वेळी अशा रेघांवर मास्किंग टेप लावा, शेवटच्या हलक्या हाताला काढा. प्लास्टिकच्या बंपरखाली उष्णता वाहून नेणारा पत्रा नसतो, त्यामुळे तो लवकर तापतो. उलटा हात टेकवून बघा. टेकवत नसेल तर थांबा.

पिलर, आरशांच्या पाठी, नंबरप्लेटच्या आजूबाजूची जागा यांसाठी तीन इंची मिनी पॉलिशर असतो. पहिल्या दिवशी घ्यायची गरज नाही. दोन-तीन गाड्या केल्यावर कुठे अडतं ते तुम्हालाच कळेल.

पॅडवर गाडीचा रंग आला! आता?

मशीन थांबवा आणि गाडीवर कोणत्या प्रकारचा रंग आहे ते आठवा. जुन्या गाड्यांवर क्लिअर कोट नसलेला सिंगल स्टेज रंग असतो. तिथे पॅड लाल, निळं, काळं होणं साहजिक आहे, काम चालू ठेवा. गाडीला क्लिअर कोट असेल तर पॅडवर पांढुरकाच माल यायला हवा. त्यात गाडीचा रंग दिसला तर तुम्ही क्लिअर कोट ओलांडून खाली गेलात, आणि तिथे आता पॉलिशचा नव्हे, पेंटरचा हात लागणार. काम करताना पॅडचं तोंड वरचेवर बघायची सवय लावून घ्या.

पॅड्स कशी धुवायची?

काम संपल्याबरोबर. वाळलेलं कंपाउंड फोममध्ये दगडासारखं बसतं. कोमट पाणी, थोडा सौम्य डीग्रीझर किंवा पॅड क्लीनर, अंगठ्याने मध्यापासून कडेकडे दाबत धुवायचं. पिळायचं नाही, फोम वेल्क्रोपासून सुटतो. मग मशीनला लावून बादलीत तोंड घालून हळू फिरवायचं, म्हणजे पाणी निघतं, आणि फोमची बाजू खाली ठेवून सावलीत वाळवायचं. ड्रायर नको, कडक ऊन नको.

फोम फाटलं, मधोमध खड्डा पडला किंवा वेल्क्रोची कड उचकटली की पॅड फेकून द्या. तेच पॅड अर्ध्या कामात उडालं तर वेल्क्रोचे आकडे रंगावर घासतात.

कॉर्डलेस घेऊ का?

18 व्होल्टची चांगली मशीन्स आता सरळ कटिंगही करतात, आणि दारावरून घासत जाणारी वायर नसणं हे सुख आहे. पण एका बॅटरीवर गाडी होत नाही. दोन-तीन बॅटऱ्या आणि वेगाने भरणारा चार्जर हिशेबात धरा, बॅटरीचं वजन हातात घेऊन बघा. रोज गाड्या करायच्या असतील तर पहिलं मशीन वायरचंच बरं, मिनी मात्र कॉर्डलेस घ्या. वायर खांद्यावरून पाठीमागे टाकायची, म्हणजे ती पॅनेलला लागत नाही.

मॅट रंग, पीपीएफ, काच, हेडलाइट: हेच मशीन चालेल?

मॅट रंगाला मशीन लावूच नका. एकदा चकाकलेला भाग पुन्हा मॅट होत नाही. व्हिनिल रॅपलाही नको. पीपीएफवर (रंगावर चिकटवलेल्या पारदर्शक संरक्षक फिल्मवर) अगदी मऊ पॅड आणि हलका हात, तोही कडांपासून दूर. काचेला सिरियम ऑक्साइड आणि काचेची वेगळी पॅड्स लागतात. पिवळे पडलेले हेडलाइट घासून साफ होतात, पण त्यावर पुन्हा यूव्ही संरक्षणाचा थर दिला नाही तर काही महिन्यांत जैसे थे.

वापरलेलं मशीन घेताना काय तपासू?

वायर मशीनमध्ये जिथे शिरते ती जागा वाकवून बघा, तिथे आतून तुटलेली असते. प्लेट हाताने फिरवा: डीएची मोकळी, करकर न करता फिरली पाहिजे. मग तिला वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंग गेलेलं आहे. पॅड लावूनच मशीन चालू करा, डायल एकपासून सहापर्यंत सावकाश न्या, प्रत्येक टप्प्याला आवाज बदलतोय का ऐका. हवा बाहेर पडते त्या फटींतून आत बघा. कार्बन ब्रशपाशी थोड्या निळसर ठिणग्या चालतात, पण पिवळा जाळ आणि जळका वास येत असेल तर सोडून द्या. ब्रश झिजलेले असतील तर ते बदलता येतात, भावात तेवढं कमी करून घ्या. आणि त्या मशीनची बॅकिंग प्लेट अजून सुटी मिळते का, हे पैसे देण्याआधी शोधून ठेवा. जुन्या मशीनबरोबरची प्लेट बहुतेक वेळा वेल्क्रो झिजलेलीच असते.